कारागिराचा दिवा कोठे असावा?

कोकणातील जुन्या कौलारू घराची रचना पाऊस डोळ्यांसमोर ठेवून झालेली असते. छप्पर भिंतीच्या पुढे हात-दोन हात आलेले, पडवी बुटकी आणि खिडक्या लहान. आषाढातील तिरपी झड आत येऊ नये म्हणून केलेली ही योजना आपले काम चोख बजावते. मात्र पावसाबरोबर ती प्रकाशालाही बाहेरच थोपवते. अशाच एखाद्या पडवीत किंवा मागच्या मांगरात सुताराचे टेबल मांडलेले असते, शेजारी विजेवर चालणारा लेथ असतो आणि भर दुपारीही डोक्यावरचा दिवा लावूनच काम चालू असते. लाकडी खेळण्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या सावंतवाडीपासून थेट घाटमाथ्यावरील खेड्यांपर्यंत हे दृश्य थोड्याफार फरकाने सारखेच आढळते. येवल्याचा विणकर असो, हुपरीचा चांदी कारागीर असो की गावचा सुतार असो, यांपैकी अनेकांचे राहते घर हाच त्यांचा कारखाना असतो.

या घरांतील अवजारे गेल्या काही दशकांत पुष्कळ बदलली. हाताने ओढावयाच्या रंध्याच्या जोडीला विजेचा रंधा आला, करवतीची जागा चक्राकार पात्याने घेतली. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेत सुतारकामासह १८ पारंपरिक व्यवसायांचा समावेश असून, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचे साहाय्य व सवलतीच्या व्याजाने कर्ज मिळण्याची सोय झाल्यामुळे या बदलास वेग आला. दिवा मात्र जागचा हललेला नाही. घरात प्रथम वीज आली त्या वेळी तारजोडणी करणाऱ्याने खोलीच्या बरोबर मध्यभागी, आढ्याला जो एक दिवा टांगला, तो जेवणखाण आणि उठबस यांसाठी होता. त्याच दिव्याखाली आज मिनिटाला दीड हजार फेरे घेणारे यंत्र चालते.

कारखान्यातील कामगाराच्या बाबतीत कायद्याने ही काळजी फार पूर्वी घेतली. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या १७ व्या कलमाने पुरेसा व योग्य प्रकाश ठेवणे मालकावर बंधनकारक केले होते, आणि डोळ्यांवर ताण येईल किंवा अपघात होईल अशी चकाकी व सावल्या टाळण्याचेही त्यात सांगितले होते. नोव्हेंबर २०२५ मध्ये या अधिनियमाची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाची स्थिती यांविषयीच्या २०२० च्या संहितेने घेतली. परंतु घरातील दोघा-तिघांनी मिळून चालविलेली कार्यशाळा सामान्यतः अशा कायद्यांच्या कक्षेत येत नाही. तेथे निरीक्षक येत नाही. बोट कापले गेले तर त्याची नोंदही कोठे होत नाही. त्यामुळे या विषयाची माहिती कारागिराला कोणी द्यावयाची असेल, तर ती गावातील शिक्षकाने, ग्रामसेवकाने किंवा पंचायतीच्या सदस्यानेच दिली पाहिजे.

वॅट आणि प्रकाश

दुकानात दिवा मागताना आजही वॅट विचारण्याची पद्धत आहे. तारेच्या दिव्याच्या काळात ती चालून जात असे, कारण ६० वॅटचा दिवा म्हणजे किती उजेड हे सर्वांना अनुभवाने ठाऊक होते. एल.ई.डी. दिव्यांच्या काळात मात्र वॅट हे केवळ विजेच्या खर्चाचे माप उरले आहे. दिव्यातून बाहेर पडणारा प्रकाश ल्युमेनमध्ये मोजतात आणि तो वेष्टनावर छापलेला असतो. जानेवारी २०१५ मध्ये सुरू झालेल्या उजाला योजनेमुळे घरोघरी पोहोचलेला ९ वॅटचा दिवा सुमारे ९०० ल्युमेन प्रकाश देतो, तर चार फुटी, २० वॅटची एल.ई.डी. नळी सुमारे २,००० ल्युमेन.

कारागिराच्या दृष्टीने यापुढचे माप अधिक महत्त्वाचे आहे. दिव्यातून निघालेल्या प्रकाशापैकी कामाच्या जागेवर किती पडतो, हे लक्स या मापाने सांगितले जाते. एक चौरस मीटर जागेवर एक ल्युमेन प्रकाश पडला की तो एक लक्स झाला. आतील प्रकाशयोजनेविषयीचे भारतीय मानक (आय. एस. ३६४६) कामाच्या स्वरूपानुसार या मात्रा सुचविते. ढोबळमानाने सांगावयाचे तर लाकूड चिरणे, तासणे अशा कामांना २०० ते ३०० लक्स, आखणी व सांधेजोडणीस सुमारे ५०० आणि बारीक नक्षीकाम किंवा दागिन्यांच्या कामास त्याच्या दुप्पट प्रकाश लागतो.

आता दहा फूट रुंद व बारा फूट लांब अशी एक खोली घ्यावी. तिचे क्षेत्रफळ सुमारे ११ चौरस मीटर भरते. मध्यभागी ९ वॅटचा एकच दिवा आहे. त्याच्या ९०० ल्युमेनपैकी साधारण निम्मा प्रकाश भिंती, छप्पर व सामानसुमान यांत जिरून जातो, आणि धुळीमुळे उरलेल्याचा पाचवा हिस्सा आणखी घटतो. हाती राहतात ३६० ल्युमेन. त्यांना ११ ने भागले असता सरासरी ३३ लक्स येतात. ज्या कामास ३०० लक्स हवेत ते काम कारागीर ३३ लक्समध्ये करीत असतो, आणि वर्षानुवर्षे करीत असल्यामुळे त्याला त्यात काही वावगे वाटत नाही. डोळा जुळवून घेतो खरा, पण त्याची भरपाई मानेला वाकून आणि हाताला थबकून करावी लागते.

त्याच खोलीत २० वॅटच्या चार नळ्या लावल्या तर हाच हिशेब सुमारे २९० लक्सवर येतो. खर्च वाढेल या भीतीने येथे हात आखडला जातो. वस्तुतः या चार नळ्यांना मिळून ८० वॅट वीज लागते. जुन्या पद्धतीच्या, तांब्याच्या चोकवर चालणाऱ्या ४० वॅटच्या दोनच नळ्या चोकसह शंभर वॅटहून अधिक वीज घेत असत. आठ तास काम चालले तरी चार नळ्यांना एक युनिटही लागत नाही.

वयाचा विचारही येथे करावयास हवा. वाढत्या वयाबरोबर डोळ्याची बाहुली लहान होत जाते आणि नेत्रभिंगाला पिवळसरपणा येतो. साठीच्या माणसाच्या नेत्रपटलापर्यंत विशीतील तरुणाच्या मानाने सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो. ज्याचा हात सर्वांत सराईत, त्या घरातल्या वडील माणसालाच प्रकाशाची गरज सर्वाधिक असते. बारीक काम त्याने सोडून दिले म्हणजे नजर गेली असे घरचे समजतात. चष्म्याचा क्रमांक तपासून घ्यावाच, पण त्याबरोबर टेबलावरील दिवाही तपासावा.

स्वतःचीच सावली

एवढे करूनही दिव्यांची जागा चुकली तर खर्च वाया जातो. कामाचे टेबल बहुधा भिंतीला लागून असते आणि दिवा खोलीच्या मध्यावर असतो. कारागीर भिंतीकडे तोंड करून उभा राहिला की दिवा त्याच्या पाठीमागे येतो आणि डोक्याची व खांद्याची सावली नेमकी पटाशीच्या धारेवर पडते. दिवा मोठा केला तर सावली अधिक गडद होते, इतकेच. दिवा कारागीर आणि भिंत यांच्या दरम्यान, टेबलाच्या पुढील कडेच्या वर आला पाहिजे. म्हणजे त्याची सावली मागे पडते आणि काम उजळते.

वर घेतलेल्या खोलीत दोन नळ्या टोकाला टोक जोडून, टेबलाच्या भिंतीपासून सुमारे दोन फुटांवर, लांबीच्या दिशेने लावाव्यात. उरलेल्या दोन त्यांना समांतर, पाच फूट अंतर सोडून, जेथे चौकटी जुळविण्याचे काम जमिनीवर चालते तेथे याव्यात. आढे उंच असेल तर नळ्या साखळीने खाली घ्याव्यात, परंतु जमिनीपासून आठ फुटांच्या खाली आणू नयेत. लांब फळी फिरविताना तिचे टोक नळीला लागते, हा अनुभव बहुतेक सुतारांनी एकदा तरी घेतलेला असतो. एका गोल दिव्याऐवजी लांब नळी घेण्याचे कारणही सावलीच आहे. चार फूट लांबीच्या उगमातून येणारा प्रकाश हाताच्या दोन्ही बाजूंनी वळसा घेतो आणि सावलीची कड विरघळते.

आखणीसाठी व कोरीव कामासाठी यावर एक हलता दिवा हवा. मोडत्या दांड्यावरचा, शंकूच्या आकाराची पांढऱ्या आतल्या बाजूची टोपी असलेला ९ वॅटचा दिवा कामापासून दोन फुटांवर आणला, तर त्या जागी पाचशे लक्सच्या आसपास प्रकाश सहज मिळतो. हेच अंतर चार फूट केले तर प्रकाश निम्मा होत नाही, चौथाईवर येतो. अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात प्रकाश घटतो हा शाळेत शिकविला जाणारा नियम सुताराच्या टेबलावर असा उपयोगी पडतो. उजव्या हाताने काम करणाऱ्याने हा दिवा डावीकडे ठेवावा, डावखुऱ्याने उजवीकडे. टोपी मात्र हवीच. उघडा दिवा डोळ्यांच्या पातळीवर आला की बाहुली आकसते आणि समोरचे काम उलट अंधुक दिसते.

हलत्या दिव्याचा आणखी एक उपयोग जाणते सुतार करतात. रंधा मारलेल्या फळीवर वरून प्रकाश पडला तर ती गुळगुळीत भासते. दिवा जवळजवळ फळीच्या पातळीवर आणून बाजूने प्रकाश टाकला की रंध्याच्या पात्याच्या खुणा, उचकलेले रेषे, पॉलिश कागदाचे ओरखडे यांची प्रत्येकी एकेक सावली पडते. पॉलिश चढविण्यापूर्वी हे दिसले तर दुरुस्त होते. नंतर दिसते ते गिऱ्हाइकाला.

खिडकी हा अर्थात सर्वांत स्वस्त दिवा. राष्ट्रीय इमारत संहितेने उष्ण व दमट हवामानात खोलीच्या क्षेत्रफळाच्या एक षष्ठांश इतकी खिडक्यांची मोकळीक असावी असे म्हटले आहे. १२० चौरस फुटांच्या खोलीस त्याप्रमाणे २० चौरस फूट खिडकी हवी. जुन्या घरात ती मिळणे अवघड असते, पण दोन-चार काचेची कौले बसविणे अवघड नसते. ती टेबलाच्या अगदी वर न बसविता उत्तरेकडील उतारावर बसविल्यास उन्हाचा कवडसा कामावर येत नाही आणि उजेड दिवसभर बऱ्यापैकी सारखा राहतो. महाराष्ट्रात मे ते जुलै या काळात सूर्य काही आठवडे डोक्यावरून किंचित उत्तरेकडे सरकतो, तेवढ्यापुरता हा नियम थोडा मोडतो. भिंतींना पांढरा चुना देणे हा दुसरा स्वस्त उपाय. चुना दिलेली भिंत तिच्यावर पडलेल्या प्रकाशापैकी तीन चतुर्थांशाच्या आसपास परत फेकते. चुलीच्या धुराने काळवंडलेली भिंत तो जवळजवळ सगळा गिळून टाकते.

थांबल्यासारखे दिसणारे यंत्र

लेथ किंवा चक्राकार करवत असलेल्या कार्यशाळेत प्रकाशाचा प्रश्न निव्वळ सोयीचा राहत नाही. आपल्याकडील वीजपुरवठा सेकंदाला ५० आवर्तनांचा आहे. प्रत्येक आवर्तनात विद्युत्प्रवाह दोनदा शून्यावर येतो, म्हणजे सेकंदाला १०० वेळा. तारेच्या दिव्यातील तार तेवढ्या अवधीत थंड होत नसल्याने त्याचा प्रकाश जवळजवळ अखंड राहत असे. साध्या चोकवरील नळीचे तसे नव्हते. ती खरोखरच सेकंदाला १०० वेळा मंदावत असे. आज बाजारात मिळणाऱ्या हलक्या प्रतीच्या काही एल.ई.डी. दिव्यांतही हाच दोष आढळतो, कारण आतील विद्युत्मंडलात काटकसर केलेली असते.

डोळ्याला ही लुकलुक जाणवत नाही, आणि धोका नेमका तेथेच आहे. टेबलाचा पाय कातण्यासाठी चौरस लाकूड लेथवर चढविले आहे आणि ते मिनिटाला १,५०० फेरे घेत आहे असे समजू. सेकंदाला २५ फेरे झाले. चार कोपरे असल्याने सेकंदाला १०० कोपरे एका ठिकाणाहून जातात. दिवाही १०० वेळा उजळतो. दर उजळण्याच्या क्षणी आधीच्या कोपऱ्याच्या जागी पुढचा कोपरा आलेला असतो आणि फिरणारे लाकूड जागच्या जागी थांबलेले दिसू शकते. प्रत्यक्षात मोटारीचा वेग भारामुळे थोडा कमी, मिनिटाला १,४४० फेऱ्यांच्या आसपास असतो. पट्टा न लावता सरळ जोडणी असेल तर तेच लाकूड सेकंदाला एक फेरी या संथ गतीने उलट दिशेने फिरत असल्याचा भास होतो. गोंगाटात, थकलेल्या अवस्थेत, शेजारचे दुसरे यंत्र चालू असताना, हे यंत्र बंद होत आले आहे असे समजून हात पुढे करणाऱ्यास मूर्ख म्हणता येणार नाही. त्याला डोळ्यांनी फसविलेले असते.

जुन्या कारखान्यांत यावर शेजारशेजारच्या नळ्या वेगवेगळ्या फेजवर जोडण्याचा उपाय करीत. घरात एकच फेज असल्याने तो चालत नसे आणि लेथजवळ तारेचा दिवा लावण्याचा सल्ला दिला जाई. आता उपाय सोपा झाला आहे. ज्याच्या आतील मंडलाने प्रकाश स्थिर ठेवला आहे असा एल.ई.डी. दिवा निवडावा. तो ओळखण्यास उपकरण लागत नाही. मोबाइलचा कॅमेरा दिव्यासमोर धरला असता पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसले, तर तो दिवा यंत्राजवळ लावू नये. कॅमेरा नसेल तर फक्त त्या दिव्याच्या उजेडात एक पांढरी पेन्सिल झपाट्याने हलवून पाहावी. सलग पुसट पट्टा दिसला तर दिवा चांगला. पंख्याच्या पात्यांसारख्या सुट्या सुट्या अनेक पेन्सिली दिसल्या तर तो लुकलुकणारा आहे. वर काळे-पांढरे पट्टे रंगविलेला लाकडी भोवरा फिरवूनही हे दाखविता येते. कार्यानुभवाच्या तासाला हा प्रयोग विद्यार्थ्यांनी करून पाहावा आणि घरी जाऊन आपल्या वडिलांच्या लेथवरील दिवा तपासावा. खर्च भोवऱ्याचा.

दुसरा धोका अंधाराचा. घरातील तारजोडणीत दिवे आणि यंत्र बहुधा एकाच मंडलावर असतात. करवत लाकडात अडकली, मोटारीने जादा प्रवाह ओढला आणि संरक्षक कळ पडली की दिवाही त्याच क्षणी जातो. पाते मात्र आणखी काही सेकंद फिरतच राहते. यासाठी दिव्यांचे मंडल यंत्राच्या मंडलापासून स्वतंत्र ठेवणे हा या संपूर्ण योजनेतील, दिवे कितीही लहान असोत, कधीही न गाळण्याजोगा भाग आहे. पुरवठाच खंडित झाल्यास आपोआप पेटणारा, बॅटरीवरचा एक दिवा यंत्राजवळ असावा. अर्थिंग, गळती होताच प्रवाह तोडणारे ३० मिलिअँपिअरचे संरक्षक साधन आणि बंदिस्त नळीतून नेलेल्या तारा या गोष्टी परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच करून घ्याव्यात. लाकडाच्या भुशात उघड्या जोडाची ठिणगी पुरेशी होते. मुख्य कळ हात लांबवून मिळेल अशी, दाराजवळ असावी. भुशाच्या पोत्यांमागे नव्हे.

रंग

सुताराचे काम बहुतांशी आकाराचे असल्याने त्याला रंगाची फारशी चिंता नसते, परंतु खेळणी रंगविणाऱ्यास किंवा पैठणीच्या पदरासाठी रेशीम निवडणाऱ्यास ती असते. वेष्टनावर ६५०० असा आकडा असेल तर प्रकाश निळसर पांढरा, ३००० असेल तर पिवळसर. कामासाठी ४००० ते ६५०० यांमधील कोणताही चालतो. रंग खरे दिसतात की नाही हे मात्र वेगळ्याच आकड्यावर ठरते. सूर्यप्रकाशात दिसणाऱ्या रंगाशी साधर्म्य दाखविणारा हा निर्देशांक १०० पैकी दिलेला असतो. साध्या कामास ८० पुरतो. रंगकामास ९० किंवा त्याहून अधिक हवा. दिव्याखाली जुळलेले दोन लाल धागे सकाळी अंगणात नेल्यावर वेगळे निघाले, ही तक्रार विणकराच्या नजरेची नसून दिव्याची असते.

ज्या ग्रामपंचायती कारागिरांसाठी सामाईक कार्यशाळा बांधतात, त्यांच्या अंदाजपत्रकात विजेच्या कामाखाली बहुधा दिव्यांच्या जागांची केवळ संख्या लिहिलेली असते. त्याऐवजी टेबले व यंत्रे कोठे बसणार याचा साधा आराखडा आधी काढून, त्यावर दिव्यांच्या जागा दाखविल्या आणि तारजोडणी त्याप्रमाणे करून घेतली, तर नंतर भिंती फोडाव्या लागत नाहीत. काम ताब्यात घेण्यापूर्वी संध्याकाळी दिवे लावून टेबलावर एक पोलादी पट्टी ठेवावी व वयस्क कारागिराला तिच्यावरील अर्ध्या मिलिमीटरच्या खुणा, न वाकता, वाचण्यास सांगावे. लक्समापक जवळ नसला तरी एवढ्या परीक्षेने पुष्कळ कळते.

लाकडाचा भुसा नळीवर बसत राहतो आणि काही महिन्यांतच प्रकाशाचा मोठा हिस्सा अडवितो. गणपतीपूर्वी व दिवाळीपूर्वी घराची साफसफाई होतेच. त्याच वेळी मुख्य कळ बंद करून नळ्या कोरड्या फडक्याने पुसून घ्याव्यात आणि दिवा बसविल्याची तारीख त्याच्या टोकाशी रंगाने लिहून ठेवावी. एल.ई.डी. दिवा एकदम विझत नाही, हळूहळू मंदावतो. तो कधी बसविला हे लिहिलेले नसेल तर तो मंदावल्याचे कोणाच्याही ध्यानात येत नाही. जुन्या नळ्या काढल्या तर त्या न फोडता वेगळ्या ठेवाव्यात, कारण त्यांत पारा असतो.